अकरा अजिंक्यपदे आणि रिकाम्या खुर्च्या

कामगार चळवळीत हाडे झिजवलेल्या माणसाला एक खोड लागलेली असते. सभागृहात पाऊल टाकले की व्यासपीठावर कोण विराजमान आहे हे तो पाहत नाही. तो खुर्च्या मोजतो. भरलेल्या किती, रिकाम्या किती, आणि आत यावे की न यावे या विचारात मागच्या दाराशी घुटमळणारे किती. आता येथे येतानाही मी तेच केले, हे कबूल करून टाकतो. व्याख्यानमालेच्या चालकांनी इतिहासावर बोला म्हणून सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हणालो की राजेरजवाड्यांचा इतिहास माझ्याहून अधिकारी माणसे सांगतील, मी रिकाम्या खुर्च्यांचा इतिहास सांगतो. ते हसले. पण मी थट्टा करीत नव्हतो.

गोष्ट अमेरिकेतील बॉस्टन शहराची आणि तेथल्या बास्केटबॉलच्या एका संघाची आहे. तुमचा आणि बास्केटबॉलचा संबंध काय, असे कोणी विचारील. माझे वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली ती गेलीच, आणि पुढे माझे शिक्षण नववीवर थांबले. भायखळ्याच्या बाजूला मिळेल ते ओझे उचलीत असताना संध्याकाळी आम्ही पोरे नागपाड्यात बास्केटबॉल पाहत उभी राहत असू. तिकीट नव्हते, खुर्ची नव्हती, कठड्याला रेलून पाहावयाचे. हा खेळ मुंबईच्या कामगार वस्तीत आला कोठून, हे पुढे वाचनालयात बसून धुंडाळू लागलो. तेव्हा कळले की नागपाड्यात १९२७ साली ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ ही लोकसेवेची संस्था निघाली ती अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने, आणि या मिशनची पालकसंस्था होती बॉस्टनची. वस्तीतल्या मुलांचे व्यायाम आणि खेळ हा तिच्या कामाचा एक भाग होता. तिचे चालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हेच १९३६ साली टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेचे पहिले संचालक झाले. शिवाय बास्केटबॉलचा जन्मही त्याच बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. १८९१ साली स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या भिंतीला टांगून हा खेळ सुरू केला. असा धागा धरून मी बॉस्टनला पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून.

तेथे जो संघ भेटला त्याचे नाव बॉस्टन सेल्टिक्स. १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत या संघाने अकरा अजिंक्यपदे मिळवली. त्यांतली आठ, म्हणजे १९५९ पासून १९६६ पर्यंतची, ओळीने. अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक खेळांत असा ओळीने आठांचा विक्रम दुसऱ्या कोणत्याही संघाला करता आलेला नाही. बिल रसेल हा त्या संघाचा कणा. बॉब कूझी, सॅम जोन्स, जॉन हॅवलिचेक असे एकापेक्षा एक खेळाडू त्याच्या जोडीला, आणि वर रेड ऑरबाख हा करडा प्रशिक्षक. आपल्याकडे एखाद्या तालमीतल्या मल्लांनी तेरांतल्या अकरा गदा घरी आणल्या तर त्या गावात काय होईल याची कल्पना करा.

बॉस्टनमध्ये काय झाले? ‘बॉस्टन गार्डन’ या नावाने ओळखले जाणारे त्यांचे क्रीडागृह १३,९०९ प्रेक्षकांचे. आणि त्या सुवर्णकाळात सामन्याला येणाऱ्यांची सरासरी होती आठ हजारांच्या आसपास. म्हणजे दर पाच खुर्च्यांमागे दोन रिकाम्या. अजिंक्यपदाच्या फेऱ्या सुरू झाल्या तरी आरंभीच्या सामन्यांना ‘हाउसफुल्ल’चा फलक लागेलच असा भरवसा नसे. आणि खरी गंमत पुढेच आहे. त्याच छताखाली, लाकडी तळ काढून खालच्या बर्फावर, ब्रूइन्स नावाचा हॉकीचा संघ खेळे. हॉकीच्या त्या मंडळात तेव्हा संघ अवघे सहा. सहांपैकी चार पुढच्या फेरीत जात. ब्रूइन्सना १९६० ते १९६७ अशी सलग आठ वर्षे तेवढेही जमले नाही, आणि त्यांतली १९६१ ते १९६५ ही वर्षे तर ते थेट शेवटच्या क्रमांकावर होते. पण हॉकीच्या रात्री गार्डन फुलून जाई. हरणाऱ्यांना गर्दी आणि जिंकणाऱ्यांना मोकळ्या बाकांची साथ!

हे वाचले तेव्हा माझी झोप उडाली, आणि त्याला कारण आहे. विजय मिळाला की माणसे आपोआप येतात, असे आम्ही कार्यकर्ते समजत आलो आहोत. करार पदरात पाडा, पगारवाढ आणा, सभासद पावतीसाठी रांग लावतील. सेल्टिक्सचा इतिहास याच्या बरोबर उलटे सांगत होता.

प्रथम खुर्च्यांचा मालक कोण, हे पाहू. कोणत्याही प्रश्नात मालक कोण हे आधी पाहावे, हे मला चळवळीने शिकवले. १९४६ च्या जूनमध्ये बास्केटबॉलचे नवे व्यावसायिक मंडळ स्थापन झाले ते खेळावरच्या प्रेमापोटी नव्हे. मोठ्या शहरांतील क्रीडागृहांच्या चालकांनी ते काढले. हॉकी नसेल त्या रात्री इमारत ओस पडते, दिव्याचा आणि नोकरचाकरांचा खर्च मात्र चुकत नाही, तेव्हा त्या रात्री भरून काढावयास काहीतरी हवे, हा हिशेब. बॉस्टन गार्डनचा चालक वॉल्टर ब्राउन या मंडळाच्या संस्थापकांपैकी एक, आणि सेल्टिक्सचा जनक. म्हणजे संघ जन्मालाच आला तो उरलेल्या रात्रींचा भाडेकरू म्हणून. हॉकी आधी, बर्फावरचे नाचगाण्याचे खेळ आधी, सर्कस आधी, मग बास्केटबॉल.

बॉस्टनमधल्या त्यांच्या पहिल्याच सामन्याची कथा या दृष्टीने बोलकी आहे. १९४६ च्या नोव्हेंबरात सामना होता तो गार्डनमध्ये नव्हे, शहरातल्या जुन्या, लहान क्रीडागृहात. गार्डन त्या दिवसांत घोडे-बैलांच्या रोडिओ खेळाला दिलेले होते. सरावातच चक कॉनर्स या खेळाडूच्या हातून टोपलीमागचा काचेचा फलक फुटला. दुसरा फलक होता गार्डनमध्ये, आणि तोही रोडिओच्या बैलांच्या पलीकडे ठेवलेला, असे सांगतात. तो आणीपर्यंत प्रेक्षक ताटकळत बसले. हा कॉनर्स पुढे सिनेनट म्हणून गाजला. त्या रात्री मात्र त्याने संघाची कुंडलीच मांडली असे म्हणावे लागते.

वॉल्टर ब्राउनला मी खलपुरुष ठरवणार नाही. मालकवर्गाविषयी माझी मते सर्वांना ठाऊक आहेत, तरीही हा गृहस्थ वेगळा होता. पहिली काही वर्षे संघ तोट्यात गेला, तेव्हा गार्डनच्या कंपनीने हात काढून घेतला आणि ब्राउनने भागीदारासह संघ स्वतःच्या अंगावर घेतला. त्यापायी त्याने राहते घर गहाण टाकले, अशी त्याच्याविषयीची हकीकत आहे. पुढे ब्रूइन्सचा कारभारही त्याच्याच हाती होता. तेव्हा त्याने सेल्टिक्सचा दुस्वास केला असे नाही. पण नोकर म्हणून तो ज्या इमारतीचा कारभारी, त्याच इमारतीत मालक म्हणून तो भाडेकरू, आणि इमारतीचा फायदा हॉकीत होता.

हॉकीचा फायदा का होता, हे गावाच्या सवयीत शोधावे लागते. ब्रूइन्स १९२४ पासूनचे. बास्केटबॉलवाले त्यांच्यानंतर बावीस वर्षांनी आले. न्यू इंग्लंडचा हिवाळा लांब आणि कडक. तळी गोठतात, पोरे चालावयास लागली की बर्फावर घसरावयास शिकतात. बाप मुलाला हॉकीला नेतो, त्याची ठरलेली खुर्ची वारसाने मुलाकडे येते. संघ हरला तरी ती खुर्ची सुटत नाही; हरल्याबद्दल शिव्या घालण्याचा हक्कही तीच देते. पंढरीची वारी एक वर्ष पाऊस नाही म्हणून कोणी मोडतो काय? सवय ही फळाकडे पाहत नाही. सेल्टिक्सकडे प्रेक्षक येत ते खेळ पाहावयास. ब्रूइन्सकडे येत ते आपल्या जागेवर बसावयास.

ही सवय नव्या खेळाला लावावयाची कशी? सेल्टिक्सनी एक उपाय केला. हंगामापूर्वी न्यू इंग्लंडमधल्या लहान लहान गावांत, शाळांच्या व्यायामशाळांत, ते प्रदर्शनीय सामने खेळत हिंडत. उपाय नामी, पण त्याची मजुरी कोणी द्यावयाची? खेळाडूंचा पगार हंगामाचा, हे सामने त्यावर फुकट. तिकिटांचा गल्ला कमी म्हणून पगार कमी, आणि गल्ला वाढवावयाचा म्हणून पुन्हा फुकटचे काम. हे चक्र कोणत्याही कामगाराला ओळखीचे वाटेल.

ते मोडावयास उठला तो सेल्टिक्सचाच बॉब कूझी. फ्रान्समधून आलेल्या गरीब आईबापांचा हा मुलगा. बाप न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवी. १९५४ साली कूझीने प्रत्येक संघातील एकेका नाणावलेल्या खेळाडूला पत्र लिहिले की आपण संघटना काढू. फोर्ट वेन सोडून सगळीकडून होकार आला. फोर्ट वेनचा मालक पिस्टन बनवणारा कारखानदार, त्याला युनियनचा शब्द खपत नसे. मागण्या ऐकण्यासारख्या आहेत: प्रदर्शनीय सामन्यांना मर्यादा घाला, बंद पडलेल्या बाल्टिमोर संघातील खेळाडूंचे थकलेले पगार द्या, पंचाजवळ कुजबुजले म्हणून होणारा पंधरा डॉलर दंड रद्द करा. मालकांनी तीन वर्षे टोलवाटोलवी केली. १९५७ साली कूझीने देशातल्या मोठ्या कामगार महासंघाशी बोलणी सुरू करताच त्यांना संघटना मान्य करण्याची बुद्धी झाली.

याच बॉस्टन गार्डनच्या कपडे बदलण्याच्या खोलीत १४ जानेवारी १९६४ रोजी आणखी एक प्रसंग घडला. त्या रात्री साऱ्या मंडळातील निवडक खेळाडूंचा सामना होता आणि तो देशभर दूरचित्रवाणीवर दिसणार होता. संघटनेचा अध्यक्ष होता टॉम हाइनसन, तोही सेल्टिक्सचाच. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळाल्याशिवाय आम्ही बाहेर येत नाही, असे सांगून रसेलपासून वेस्ट-बेलरपर्यंत सर्वांनी दार लावून घेतले. बाहेर प्रेक्षक बसलेले, छायायंत्रे लागलेली, एका मालकाने आपल्या खेळाडूंना निरोप धाडला की निमूट बाहेर या. कोणी हलला नाही. शेवटी मंडळाचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि थोड्या उशिराने खेळ सुरू झाला. वॉल्टर ब्राउनला हाइनसनचा भयंकर राग आला म्हणतात. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्राउन वारला. चांगल्या मालकालाही संप घरात शिरला की तो घात वाटतो, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

मी विषय सोडून युनियनकडे वळलो असे वाटेल, पण तसे नाही. खेळाडूंना कळले होते की आपली किंमत भरलेल्या खुर्चीवर ठरत आहे, आणि ती भरणे आपल्या एकट्याच्या हातात नाही. जिंकणे हातात होते. ते त्यांनी करून दाखवले होते.

आता जिंकण्याकडेच वळू, कारण रिकाम्या खुर्च्यांचे एक कारण तेथेच आहे. १९५६ च्या डिसेंबरात मेलबर्न ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन रसेल बॉस्टनला आला आणि पुढच्या एप्रिलमध्ये सेंट लुईसच्या हॉक्सविरुद्ध सातव्या सामन्यात, दोनदा जादा वेळ खेळून, सेल्टिक्सनी १२५–१२३ असे पहिले अजिंक्यपद मिळवले. गार्डनमध्ये तेव्हा मुंगी शिरावयास जागा नव्हती. पण अजिंक्यपद ही दरवर्षीची बाब झाल्यावर ती गर्दी वाढण्याऐवजी ओसरली. तेथली रीत अशी की, अजिंक्यपदाच्या फेरीत एका प्रतिस्पर्ध्याशी एकच सामना नसतो. तेव्हा पाचांची वा सातांची मालिका असे, आणि जो आधी तीन वा चार जिंकेल तो पुढे जाई. पाचवा वा सातवा सामना होणार की नाही, हे आदला सामना संपेपर्यंत कोणालाच ठाऊक नसे. मग तिकिटे विकावयास दिवस उरत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातून नोकरदार प्रेक्षकाचा हिशेब पाहा. हंगामभर सत्तर-ऐंशी सामने झाले. आपला संघ पुढे जाणार हे ठरलेले. पहिला सामना पाहून काय मिळणार? जिंकतीलच. दुसरा? जिंकतील नाहीतर पुढे भरून काढतील. गाठीचे पैसे मोडावयाचे तर शेवटच्यासाठी राखून ठेवू. आणि खरोखरच शेवटच्याला गार्डन भरे. १९६२ साली लॉस एंजेलिसच्या लेकर्सविरुद्ध सातवा सामना जादा वेळेत ११०–१०७ असा सुटला, तेव्हा एकही खुर्ची मोकळी नव्हती. १९६५ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध शेवटच्या पाच सेकंदांत हॅवलिचेकने चेंडू उडवला आणि संघ ११०–१०९ असा एका गुणाने तरला, तेव्हाही नाही. त्या क्षणाचे जॉनी मोस्ट या निवेदकाने घसा फोडून केलेले नभोवाणीवरचे वर्णन इतके लोकांच्या तोंडी झाले की पुढे त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. म्हणजे संघावर जीव असणारी माणसे शहरात होती. ती घरी रेडिओला कान लावून बसली होती.

येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९४–९५ च्या सुमारास एका कारखान्यात आम्ही पाच महिने लढून करार केला. पगारवाढ चांगली, बोनस चांगला, गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतले. पुढच्याच महिन्यात वार्षिक सभा होती. मी मोठ्या डौलात मंडपवाल्याकडून तीनशे खुर्च्या मागवल्या. आली चाळीस माणसे. दुसऱ्या दिवशी फाटकाशी मी एका जुन्या सभासदाला अडवून रागाने विचारले, काका, काल का नाही आलात? ते शांतपणे म्हणाले, “भाऊ, तुम्ही आहातच की. काही बिघडलं तर सांगा, येतोच आम्ही.” त्यांच्या बोलण्यात कृतघ्नपणा नव्हता, तो विश्वास होता, आणि त्या विश्वासानेच माझी सभा बसवली होती. बॉस्टनच्या प्रेक्षकाला मी दोष देऊ शकत नाही तो या काकांमुळे.

पण एवढ्यावर थांबलो तर मी अर्धेच सांगितले असे होईल. कारण त्याच बॉस्टनमध्ये एका दिवशी गार्डन भरले ते सामन्याच्या चुरशीसाठी नव्हे. १७ मार्च १९६३ रोजी कूझीच्या निरोपाचा समारंभ झाला. तो बोलता बोलता रडू लागला, शब्द फुटेना, तेव्हा वरच्या गॅलरीतून एका माणसाने आमचा तुझ्यावर जीव आहे असे ओरडून सांगितले आणि सारे क्रीडागृह गदगदून गेले. कूझी गोरा, कॅथलिक, जवळच्याच वुस्टर गावच्या होली क्रॉस महाविद्यालयाचा खेळाडू. बॉस्टनने त्याला घरचा मानला. रसेलला मानले काय?

रसेल कृष्णवर्णीय. लुइझियानातल्या मन्रो गावी जन्मलेला, ओकलंडच्या गरीब वस्तीत वाढलेला. त्याचे कुटुंब बॉस्टनजवळच्या रेडिंग गावी राहत असे. १९६३ साली गावाने त्याचा जाहीर सत्कार केला. आणि त्याने गावातल्याच दुसऱ्या, बऱ्या भागात घर घ्यावयाचे मनात आणले तेव्हा तेथल्या काही रहिवाशांनी त्याला अडवण्यासाठी अर्जाची खटपट केली. पुढे त्याच्या घरात लोक घुसले, भिंतींवर वर्णद्वेषाच्या शिव्या लिहिल्या, बिछान्यात घाण केली. त्याच्या मुलीने मोठेपणी हे सारे जाहीरपणे लिहिले आहे. रसेलही गप्प बसणारा नव्हता. १९६१ साली केंटकीतील लेक्सिंग्टन गावी प्रदर्शनीय सामन्यापूर्वी त्याच्या दोन कृष्णवर्णीय सोबत्यांना उपाहारगृहात खावयास नाकारले, तेव्हा तो व त्याचे कृष्णवर्णीय सहकारी न खेळता विमानाने परत फिरले. मी याला संप म्हणतो. सही मागणाऱ्यांना तो नकार देई, टाळ्यांना हसून मान लववीत नसे, आणि तो घमेंडखोर आहे अशी गावात बोलवा होती.

संघाच्या चालकांची कामगिरी या बाबतीत स्वच्छ होती, हे नोंदवले पाहिजे. १९५० साली चक कूपर या कृष्णवर्णीय खेळाडूची निवड करून या मंडळातला असा पहिला निर्णय वॉल्टर ब्राउननेच घेतला. १९६४ च्या डिसेंबरात पाचही कृष्णवर्णीय खेळाडू आरंभाला मैदानावर उतरवणारा पहिला संघ सेल्टिक्सचा. १९६६ साली रसेल स्वतःच प्रशिक्षक झाला. मंडळातला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पण मैदानावर रंग बदलत गेला तसा गॅलरीचा रंग बदलला नाही. १९६० मध्ये बॉस्टनच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय जेमतेम नऊ टक्के, त्यांची वस्ती बहुतेक रॉक्सबरीच्या बाजूला. तिकीट घेणारे गोरे, आणि त्यांतल्या कित्येकांना जिंकून देणारी माणसे आपली वाटत नव्हती.

तरीही सारे काही रंगावर लोटून मोकळे होणे मला पटत नाही. मिनियापोलिसच्या लेकर्सनी १९४९ ते १९५४ या सहा वर्षांत पाच अजिंक्यपदे मिळवली होती, जॉर्ज मायकनसारखा धिप्पाड गोरा खेळाडू त्यांच्याकडे होता, आणि तरी प्रेक्षकांअभावी १९६० साली तो संघ गाव सोडून लॉस एंजेलिसला गेला. उलट, हॉकीच्या मोठ्या मंडळात उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विली ओ’री हा १९५८ साली ब्रूइन्सच्याच पोशाखात उतरला होता. इतिहास आपल्या सोयीने वागत नाही. नव्या खेळाला सवय नव्हती, विजयाला अनिश्चितता नव्हती, आणि विजेत्यांना गावात घर नव्हते. या तिन्ही गोष्टी एकमेकींत विणलेल्या होत्या. यांतल्या पहिल्या दोन इतर गावांतही सापडतात. तिसरीने बॉस्टनचे दुखणे असाध्य केले, असे माझे मत आहे.

शहरही त्या वर्षांत विसकटत होते. १९५० साली बॉस्टनची वस्ती आठ लाखांवर होती, १९६० साली ती सात लाखांच्या आत आली. माणसे मोटारी घेऊन उपनगरांत गेली. गार्डनच्या अगदी बाजूला वेस्ट एंड नावाची इटालियन, ज्यू आणि इतर कष्टकऱ्यांची दाट वस्ती होती. पायी चालत पाच-दहा मिनिटांत गार्डन. शहरसुधारणेच्या नावाखाली १९५८ पासून ती बुलडोझरने भुईसपाट केली गेली आणि हजारो माणसे उठवली गेली. तेथली माणसे सेल्टिक्सला जात होती असा पुरावा मजपाशी नाही, म्हणून त्यावर मी इमले बांधणार नाही. पण क्रीडागृहाभोवतीची वस्ती उठवून मग प्रेक्षक का येत नाहीत हे विचारणे, हा प्रकार आमच्या गिरणगावात राहिलेल्यांना नवा वाटणार नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९७९ साली इंडियानातून लॅरी बर्ड आला. डिसेंबर १९८० पासून सेल्टिक्सचे घरचे सामने सलग हाउसफुल्ल होऊ लागले, ते १९९५ पर्यंत, सहाशेहून अधिक सामने. दूरचित्रवाणीने खेळ घरोघर नेला होता, गावात कचेऱ्या आणि पैसा वाढला होता, संघ उत्तमच होता. आणि बर्ड गोरा होता. यांतल्या कोणत्या कारणाला किती गुण द्यावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावे. शेवटच्याला शून्य देणाऱ्याशी मात्र मी वाद घालीन.

काकांच्या उत्तरानंतर काही वर्षे मी येणाऱ्यांची हजेरी मांडीत राहिलो. मग एकदा फाटकावर लक्षात आले की सभेच्या वेळी कंत्राटी मुले मागच्या भिंतीला टेकून उभी असतात आणि खुर्च्या रिकाम्या असूनही बसत नाहीत. करारात त्यांचे नाव नव्हते. तो विजय आम्ही त्यांच्या नजरेसमोर मिळवला होता, त्यांच्यासाठी नव्हे. बॉस्टनचे पुस्तक मी त्यानंतर पुन्हा उघडले.

रसेल १९६९ साली शेवटचे अजिंक्यपद मिळवून, निरोपसमारंभ न घेता, गाव सोडून गेला. त्याला परत बोलावून बॉस्टनने १९९९ साली भरल्या क्रीडागृहात गौरव केला, २०१३ साली नगरभवनासमोर त्याचा पुतळा उभारला. २०२२ साली तो वारला. मी मात्र मार्च १९७२ ची हकीकत पुनःपुन्हा वाचतो. त्या दिवशी त्याचा सहा क्रमांक गार्डनच्या छताला टांगावयाचा होता. प्रेक्षकांसमोर समारंभ नको, असे त्याने आधीच निक्षून सांगितले होते. तेव्हा दारे उघडण्यापूर्वी, ऑरबाख आणि काही जुने सोबती तेवढे उभे असताना, हजारो रिकाम्या खुर्च्यांच्या मध्यभागी तो क्रमांक वर चढवला गेला. ते उरकल्यावर दारे उघडली आणि त्या दिवशीच्या सामन्याचे प्रेक्षक आत येऊ लागले.